उलट्या तोंडाचं पाखरू

“झालं. आता पुन्हा ती बोंबलायला लागणार,” कुडाच्या भिंतीपलीकडून गुनोराकाकू म्हणत होती. “सहा वर्षं कशी मेल्यासारखी झोप लागत होती. ना पहाटेची घंटा, ना दुपारची, ना दिवेलागणीची. राजाचं आणि आर्चबिशपचं एकदाचं जमलं म्हणे. जमू दे बापडे. पण झोप कुणाची मोडणार? माझी.”

गुनोराकाकूला बोलायला समोर माणूस लागत नसे. भट्टी पेटलेली असली की तेवढं पुरे. नॉरिचच्या त्या गल्लीतल्या सगळ्यांचा पाव तिच्याच भट्टीत भाजून निघायचा, आणि पावाबरोबर गल्लीतली माणसंही. भिंतीच्या अलीकडे, पाद्रीबाबांच्या स्वयंपाकघरात, हॅविस जवाचं पीठ मळत होती. चौदा वर्षं ती पाद्रीबाबांचं घर सांभाळत होती आणि चौदा वर्षं हे बोलणं भिंतीतून धुरासारखं झिरपत होतं. तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

“आणि उद्या म्हणे खंदकातली हाडं वर काढणार. ज्यानं त्यानं आपली ओळखायची, बापाचं नाव सांगायचं, मग आत जागा. बापाचं नाव नाही तर उत्तरेच्या भिंतीला, वाटसरूंच्यात. आता माझ्या म्हाताऱ्याचा बाप राल्फ होता की रॉजर, मला मेलीला कुठं आठवतंय?”

हॅविसचे हात पिठात थांबले. जवाचं पीठ हात थांबले की बोटांना धरून बसतं, आणि मग सोडत नाही. ती तशीच उभी राहिली, मनगटापर्यंत पिठात. बाहेर जुलैचं ऊन होतं, कोंबडी उंबऱ्यावर चढून घरात डोकावत होती. बापाचं नाव. इतकी वर्षं इतकी काळजी घेतली, इतकं जपून बोललो, आणि हे एवढंसं कुणाच्या लक्षातच आलं नाही, असं काहीतरी तिच्या डोक्यात फिरत राहिलं. आणि त्याच्या मागे, लांबून आल्यासारखी, घंटा वाजली. अर्थात वाजली नव्हतीच. घंटेचा लोळा काढून पेंढ्यात गुंडाळून ठेवलेला होता, घंटेच्या पोटात चिमण्यांनी घर केलं होतं. पण हॅविसला ती दिवसातून तीनदा ऐकू येत असे. आवाज म्हणावा तर तो नव्हे. आवाज जिथे असायला हवा तिथली खोबण. दात पडल्यावर जीभ जशी पुन्हा पुन्हा त्या जागी जाते, तसा तिचा कान जायचा. सहा वर्षं. गुनोराकाकू ज्याला झोप म्हणत होती त्याला हॅविस काय म्हणत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

भांडण कशावरून झालं ते गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येकाचं माहीत असणं वेगळं होतं. पोपने ज्याला आर्चबिशप केलं तो राजाला नको होता. राजाला हवा होता तो पोपला नको होता. आर्चबिशप समुद्रापलीकडे जाऊन बसला. राजा म्हणाला, बस तिकडेच. मग एका वसंतात तिकडून हुकूम आला आणि राज्यातल्या सगळ्या चर्चची दारं बंद झाली. लग्न दाराबाहेर पायरीवर. बाळाला पाणी घरच्या घरी. मरणाऱ्याचं पाप ऐकायला पाद्री येणार, पण मेल्यावर त्याच्यासाठी एक शब्द बोलणार नाही, आणि आवारात जागा नाही. मेलेली माणसं कोटाबाहेरच्या खंदकात जाऊ लागली, काटेरी झुडपांखाली, मेल्या कुत्र्यांच्या शेजारी. पहिल्या वर्षी लोक रडले. दुसऱ्या वर्षी चिडले. पुढे लोकांना सवय झाली आणि तीच सगळ्यात वाईट होती, कारण बाजारातून येताना माणसं खंदकाच्या कडेनं चालत असत, हातात कोबी, आणि बोलणं थांबवत नसत. हॅविस मात्र नदीकडून फेरा घालून यायची. पाय ओले झाले तरी.

राजानं सूड कसा घ्यावा? आर्चबिशप हाताशी नाही. पाद्री हाताशी आहेत, पण पाद्र्याला मारलं तर तो संत होतो, एवढं राजाला कळत होतं. तेव्हा त्यानं पाद्र्यांच्या चुलीला हात घातला. चर्च बंद होऊन महिना झाला नसेल, एक सार्जंट दोन शिपाई घेऊन दारात आला. हातात यादी. “ओस्बर्ट पाद्रीची बाई कोण?” हॅविस म्हणाली, मी घरकाम करते. सार्जंट हसला. वाईट हसला नाही. दमला होता बिचारा, सकाळपासून सतरा घरं फिरला होता आणि सतरा ठिकाणी हेच उत्तर मिळालं होतं. “चला, घरकामवाल्या बाई,” तो म्हणाला. किल्ल्याच्या तळघरात शहरातल्या सगळ्या पाद्र्यांच्या बाया होत्या. अकरा दिवस. पहिल्या दिवशी प्रत्येकजण घरकाम करत होती. तिसऱ्या दिवशी एकीनं दुसरीला विचारलं, तुझ्याकडचा झोपेत घोरतो का गं? आणि सगळ्या अशा हसल्या की पहारेकऱ्यानं दार उघडून बघितलं. हॅविसला ते हसणं अजून आठवतं. त्या अंधाऱ्या ओल्या खोलीत, राजाच्या कैदेत, ती आयुष्यात एकदाच कुणाची तरी बायको होती. बाकी कुठल्या कागदावर तिचं नाव त्याच्या नावाशेजारी नव्हतं. राजाच्या यादीत होतं. बाराव्या दिवशी ओस्बर्ट आपलं खेचर देऊन तिला घेऊन गेला. रस्त्यात तो तिच्यापुढे दहा पावलं चालत होता, पाद्री आणि घरकामवाली जसे चालतात तसा. तिनं त्याच्या मानेकडे बघितलं. मान लाल झाली होती.

मेबल तेव्हा चार वर्षांची.

मेबलचं असं होतं, की ती पाद्रीबाबांच्या मेलेल्या बहिणीची मुलगी होती. ओस्बर्टला बहीण नव्हती हे गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, कारण त्याला त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. पण पाद्रीबाबांनी एका शिशिरात हॅविसला यारमथला तिच्या बहिणीकडे मासे खारवायला शिकायला पाठवलं, आणि वसंतात ती मासे आणि एक तान्ही पोर घेऊन आली, तेव्हा गुनोराकाकूच पहिली आली होती बघायला. पोरीकडे बघितलं, ओस्बर्टच्या कानांकडे बघितलं, पुन्हा पोरीच्या कानांकडे बघितलं. मग म्हणाली, “बिचारी तुमची बहीण, पाद्रीबाबा.” आणि त्यानंतर गल्लीतल्या प्रत्येकानं त्या बहिणीबद्दल हळहळ व्यक्त केली. लोक इतके चांगले असतात की कधी कधी त्यांच्या चांगुलपणानं गुदमरायला होतं. मेबल त्याला मामा म्हणायची. हॅविसला हॅवी म्हणायची. दार लावल्यावर घरात तरी दुसरं शिकवावं, असं हॅविसच्या मनात यायचं. पण मूल ते, आतलं बाहेर बोलायचंच. तेव्हा आतही तेच. तिच्या तोंडून आई हा शब्द हॅविसनं ऐकला तो दुसऱ्यांच्या आयांबद्दल.

मग दुसऱ्या हिवाळ्यात ताप आला. आधी हॅविसला, मग मेबलला. दोघी एकाच गादीवर. हॅविसला त्या दिवसांतलं तुकड्यातुकड्यानं आठवतं: छपराच्या वाशावरून पडणारं पाणी, ओस्बर्टचा गार हात, मेबलचा तापलेला पाय आपल्या पोटाला लागलेला. “मामा, घंटा का वाजत नाही?” असं मेबल विचारत होती. की ते हॅविसनंच विचारलं होतं? मग पाय गार झाला होता. तिला उठता येत नव्हतं. उजाडताना ओस्बर्टनं पोरीला उचललं, आणि दार उघडताना धुकं आत आलं, आणि खुंटीवरची पिठाची गोणी त्याच्या खांद्यावर होती. हे मात्र तिला स्पष्ट आठवतं. पिठाची गोणी. तो परत आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना चिखल होता. ती म्हणाली, “काय म्हणालात तिथे? तिच्यासाठी?” तो चुलीपाशी बसला, पाठ करून. म्हणाला, “काही नाही. परवानगी नव्हती.”

परवानगी नव्हती. हॅविसनं पुढे साडेचार वर्षं हे शब्द वाटाण्यांत निवडले, चादरींत पिळले, चुलीत फुंकले. हजारो मेलेल्यांसाठी त्यानं प्रार्थना म्हटलेली, पैसे देणाऱ्यांसाठी, दारू पिऊन नदीत पडलेल्यांसाठी, गुनोराकाकूच्या बैलासाठीसुद्धा एकदा. आणि तिथे, धुक्यात, कुणी ऐकत नसताना, समुद्रापलीकडच्या एका माणसानं नको म्हटलं म्हणून हा गप्प राहिला. आणि पोर पिठाच्या गोणीत. ती त्याला काही म्हणाली नाही. त्याचा पाव भाजला, त्याचे मोजे शिवले, त्याच्या शेजारी झोपली. फक्त त्याच्याशी बोलताना तिच्या आवाजातून काहीतरी निघून गेलं, लोळा काढलेल्या घंटेसारखं. बाहेरून घंटा तशीच दिसते.

दुपारी तो आला. दारातच जोडे काढले. आल्याआल्या तो रोज विचारायचा तसं आज विचारलं नाही, काय शिजवलंय. स्टुलावर बसला. त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते.

“कारकून आलाय,” तो म्हणाला. “आर्चबिशपकडून. त्याला सर्दी झालीय.”

“मग आलं घालून काही देऊ का पाठवून?”

“हॅविस.”

“ऐकलंय मी. भिंतीला कान आहेत आणि काकूला तोंड आहे.” तिनं हात पुसले. “महिनाअखेर आम्हा सगळ्या बायांनी बाहेर पडायचं. ज्या पाद्र्याच्या घरात बाई, त्याचं चर्च जाणार. हेही ऐकलं. बोचकं बांधून ठेवलंय. यारमथला बहिणीकडे जाईन, मासे खारवीन. येतात मला.”

 राजानं तिला त्याची बाई म्हणून नेलं होतं. आर्चबिशप तिला त्याची बाई म्हणून घालवत होता. एवढ्या एका बाबतीत दोघांचं आधीपासून जमलेलं होतं, हे तिच्या मनात आलं आणि तिला हसूही आलं. ते तिनं त्याला सांगितलं असतं, पूर्वी.

“उद्याचं,” तो म्हणाला. “नावं मला वाचायचीत. कारकून लिहून घेणार. प्रत्येकाचा बाप.”

“वॉल्टर,” हॅविस म्हणाली.

“कोण वॉल्टर?”

“तुमच्या बहिणीचा नवरा. अहो, दहा वर्षांत त्या बिचारीला नवरा शोधायचं आपल्या लक्षातच आलं नाही. जिनगर होता. खोगिरं करायचा. बहिणीच्या आधीच गेला, पोटात दुखून.” ती थांबली. “चांगला होता स्वभावानं.”

तिला वाटलं तो हसेल. तो तिच्याकडे बघत राहिला, जणू वॉल्टर तिच्या मागे दारात उभा होता. “मी ते वाचू?” तो म्हणाला. “तिच्यावर उभं राहून?”

“न वाचायची सवय आहेच तुम्हाला,” ती म्हणाली. साडेचार वर्षांत पहिल्यांदा. मग भराभर म्हणाली, “नाव नसेल तर ती उत्तरेच्या भिंतीला जाईल. तिथे ऊन येत नाही. खरं नाव दिलंत तर चर्च जाईल, घर जाईल, तुम्ही कुठे जाल? तुम्हाला साधा पाव भाजता येत नाही. वॉल्टर म्हणा. मी सांगेन, तुम्ही नुसतं म्हणा.”

तो उठला. खुंटीवरचा पांढरा झगा घेतला, वेदीपाशी घालायचा, जुना, काखेत ठिगळ लावलेला. उद्या सहा वर्षांनी तो घालायचा होता. हॅविसनं तो घासून घासून धुतला होता आणि तरी तो म्हातारा दिसत होता. चांगला झगा होता त्याच्याकडे, तिनं स्वतः विणलेला. खालच्या काठावर निळ्या आणि सोनेरी धाग्यात भरलेली तेरा पाखरं. नववं पाखरू चुकलं होतं. बाकी सगळी डावीकडे बघत होती आणि ते एकटं उजवीकडे, मागे, काहीतरी विसरल्यासारखं. ती उसवणार होती तर तो म्हणाला होता, राहू दे, सगळी एकीकडेच गेली तर मागे कोण बघणार. दर रविवारी तो हात वर करायचा तेव्हा झगा उचलला जायचा आणि पहिल्या रांगेतली मुलं ते पाखरू शोधायची. तो झगाही खेचराबरोबर राजाच्या माणसांनी नेला, असं त्यानं सांगितलं होतं. केव्हा सांगितलं होतं? तिला आठवेना.

सकाळी सगळी गल्ली खंदकावर होती. माणसांनी धुतलेले कपडे घातले होते आणि नवीन चादरी आणल्या होत्या, कुणी लग्नातल्या. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. काटेरी झुडपांना फुलं नव्हती, जुलैत नसतातच, पण हॅविसला तो वास येत राहिला. कबरी खणणारा थर्स्टन कमरेपर्यंत खाली होता आणि एकेक जण वर देत होता, हळू, वर घेणाऱ्याचं नाव घेऊन. प्रत्येकानं खूण ठेवलेली होती. तांब्याचं कडं, लाकडी चमचा, घोड्याची नाल. ओस्बर्ट नाव वाचायचा, घरचं माणूस बापाचं नाव सांगायचं, नाक पुसत पुसत कारकून लिहायचा, आणि चार माणसं दक्षिणेकडे निघायची, उन्हात. हॅविस मागे उभी होती. वॉल्टर, वॉल्टर, ती मनात म्हणत होती. जिनगर. पोटात दुखून. तो आता तिला दिसायलाही लागला होता, बुटका, तपकिरी दाढीचा. मेबलला कडेवर घेऊन दुकानाच्या दारात उभा. मेबल त्याला बाबा म्हणत होती. 

“इथे एक लहान आहे,” थर्स्टन खालून म्हणाला.

गोणी कधीच कुजून गेली होती. थर्स्टननं बोटांनी माती बाजूला केली, एकदा, दोनदा, आणि थांबला. मातीत निळं काहीतरी होतं. मग सोनेरी. त्यानं ते झटकलं नाही, नुसती फुंकर घातली, आणि पाखरं दिसली. कापड मातीच्याच रंगाचं झालं होतं, पण काठ धाग्यांनी धरून ठेवला होता. तो गुडघ्यांवरून गुंडाळून नीट खोचलेला होता, थंडी लागू नये तसा. सहा, सात, आठ. नववं उलटं बघत होतं.

गल्लीतल्या प्रत्येकानं ते पाहिलं आणि प्रत्येकानं दुसरीकडे पाहिलं. पिंपं बनवणारा शेजारी आकाशाकडे बघू लागला. त्याची बायको जोड्याचा चिखल काडीनं काढू लागली. हॅविस गुडघ्यांवर बसली. बसली की पडली, तिला कळलं नाही. ज्या झग्यात उभा राहून तो देवाशी बोलायचा तोच त्यानं पोरीला पांघरला होता, आणि वरून गोणी घातली होती, कुणी बघू नये म्हणून, अगदी हॅविसनंसुद्धा. आणि मग घरी येऊन पाठ करून बसला होता. चार वर्षं आणि एक हिवाळा तिनं ती पाठ वाचली होती आणि चुकीची वाचली होती. तिला त्याच्याकडे बघायचं होतं. मान वर होईना.

“नाव?” कारकून म्हणाला.

“मेबल.” ओस्बर्टचा आवाज.

“वय?”

“सहा.”

“बापाचं नाव?”

आता तिनं बोलायचं होतं. वॉल्टर जिभेवर आला होता, तयार, भला माणूस. तो तिथेच बसून राहिला. खंदकावर इतकी शांतता झाली की हॅविसला ती खोबण पुन्हा ऐकू आली, घंटेची, भरायला आलेली. ओस्बर्टच्या हातातली यादी तिच्या पुढ्यात गवतात पडली. तो धुतलेल्या, ठिगळाच्या झग्यानिशी खंदकात उतरला. थर्स्टन बाजूला झाला. ओस्बर्टनं दोन्ही हात मातीखाली घातले, झोपलेल्या मुलाखाली घालतात तसे, आणि तिला उचलून छातीशी धरून वर आला. झगा मातीनं भरला. त्याचे ओठ हलत होते पण त्यांतून आवाज येत नव्हता.

“अहो पाद्री, हे काय?” कारकून शिंकला. “ते मजूर उचलतील. आधी बाप सांगा कुणीतरी. बाप नसेल तर उत्तरेच्या भिंतीला, मला नियम आहे. आहे का इथे कुणी मुलीचं? बाप कोण हिचा?”

पिंपवाला आकाशाकडे बघत राहिला. ओस्बर्ट उभा होता. हॅविसनं तोंड उघडलं.

“ओ कारकून,” मागून गुनोराकाकू म्हणाली, भट्टीशी बोलायची त्याच आवाजात, “सर्दी नाकाला झालीय की डोळ्यांना? कुणी उचललंय ते दिसत नाही का? बाप आहे तो तिचा. आणि ही खाली बसलीय ती आई. आम्हाला पोर जन्मली तेव्हापासून ठाऊक आहे, राजाला त्याच्या यादीत ठाऊक होतं, एक तुमच्या आर्चबिशपलाच तेवढं सांगायचं राहिलं होतं. लिहा आता. आणि वाजवा म्हणावं काय ती घंटा.”